हत्तीचे शेपूट : एका वादळाच्या नावाचा माग

सतराव्या आणि अठराव्या शतकातील युरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतांत हिंदुस्थानातील एका वादळाचे नाव पुन्हा पुन्हा भेटते. कोणी त्याला ‘ऑलिफंट’ म्हणतो, कोणी ‘एलिफंट’, कोणी ‘एलिफंटा’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि विल्यम क्रुक यांनी १९०३ मध्ये वाढवलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात या नावाची नोंद आहे. कोशकारांचा निर्णय थोडक्यात असा : पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या जोरदार वादळांना हे नाव मुळात पोर्तुगिजांनी दिले, आणि त्यांनी ते हिंदीतील ‘हथिया’, म्हणजे संस्कृत ‘हस्त’ नक्षत्रावरून घेतले.

हा निर्णय खरा असेल, तर पोर्तुगीज खलाशांच्या तोंडचा हवामानाचा एक शब्द आपल्या शेतकऱ्याच्या पाऊस-नक्षत्रांतून निघाला असे ठरते. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर किंवा घाटाखाली कुठेही सप्टेंबरच्या अखेरीस विचारा, हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस हे सांगायला पंचांग उघडावे लागत नाही. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या मुलखातील ही बोली आणि समुद्रावरचे ते नाव यांचा खरोखर संबंध आहे का, हे कागदांवरून तपासता येते. कोशकारांचे वाक्य जसेच्या तसे न स्वीकारता त्यांच्या साक्षीदारांना एकेक करून बोलावू.

पहिला साक्षीदार पोर्तुगीज नाही. तो पोर्तुगिजांचा शत्रू आहे. सीदी अली रईस हा उस्मानी तुर्कांचा आरमारी सरदार. १५५४ च्या जुलैमध्ये तो बसऱ्याहून जहाजे घेऊन निघाला. ऑगस्टमध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ त्याच्या पोर्तुगिजांशी दोन लढाया झाल्या, दुसरी महिनाअखेरीस मस्कतजवळ. त्यानंतर उरलेली जहाजे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडे सरकली आणि तिथे पश्चिमेकडून उठलेल्या वादळाने त्यांना थेट गुजरातच्या किनाऱ्यावर, दमणकडे आणून टाकले. पुढे खुष्कीच्या मार्गाने मायदेशी परतल्यावर त्याने ‘मिरात-उल-ममालिक’ हे प्रवासवर्णन लिहिले. त्यात त्याने या वादळाचे नाव दिले आहे : ‘फील तुफानी’, हत्तीचे तुफान.

या साक्षीचे वजन मोठे आहे. ती ज्याच्यावर बेतली त्याची आहे, घटनेनंतर थोड्याच वर्षांत लिहिलेली आहे आणि लिहिणारा समुद्रशास्त्राचा जाणकार आहे. अहमदाबादेत अडकून पडला असताना त्याने ‘मुहीत’ हा हिंदी महासागरातील नौकानयनावरचा ग्रंथ १५५४ मध्येच पुरा केला, आणि त्यासाठी अरब नाखव्यांचे ग्रंथ वापरले. अशा माणसाने ‘फील’ हा शब्द वापरला, तो त्याच्या आधी त्या पाण्यावर फिरणाऱ्या लोकांत रुळलेला असणार. इथेच कोशकारांच्या विधानातील ‘मुळात पोर्तुगिजांनी’ हे शब्द डळमळू लागतात. नाव पोर्तुगिजांनी पसरवले असेल, पण जन्माला त्यांनीच घातले असे या साक्षीवरून म्हणता येत नाही. फार तर एवढे म्हणता येते की १५५४ मध्ये अरबी समुद्रावर एका वादळाला हत्तीचे नाव होते आणि ते तुर्कांपर्यंत पोचले होते.

दुसरी साक्ष समुद्रावरची नाही, म्हणून ती अधिक मोलाची. इंग्लंडचा वकील सर टॉमस रो १६१६ च्या पावसाळ्यात जहांगीर बादशहाच्या दरबारासोबत अजमेरला होता. २० ऑगस्ट १६१६ च्या रोजनिशीत त्याने पावसाच्या भयंकर वादळाची नोंद केली. पावसाळा सरताना असे वादळ नेहमी येते आणि त्याला ‘ऑलिफंट’ म्हणतात, असे तो सांगतो. त्या वर्षीचे वादळ मात्र नेहमीपेक्षा फारच मोठे होते.

अजमेर हे राजपुतान्यातील शहर. तिथे खलाशी नाहीत, बंदर नाही. मग रोच्या कानावर हे नाव कोणी घातले? एक शक्यता अशी की सुरतेहून येताना त्याच्या माणसांनी खलाशी भाषा बरोबर आणली. दुसरी शक्यता अशी की स्थानिक लोकांनी ‘हथिया’ म्हटले आणि दुभाष्याने त्याचा शब्दशः अर्थ सांगितला. कोणती खरी, हे त्या नोंदीवरून ठरत नाही. पण एक गोष्ट नक्की होते, ती अशी की हे नाव केवळ समुद्राचे नाही. पावसाळ्याच्या परतीशी जोडलेले हे नाव जमिनीवरही चालत होते.

या साक्षीने आणखी एक काम होते. मुंबईच्या वाचकाला ‘एलिफंटा’ म्हटले की घारापुरी आठवते, आणि बेटावरून वादळाला नाव पडले असावे असे सहज वाटते. त्या बेटाला पोर्तुगिजांनी दिलेले नाव तिथल्या दगडी हत्तीवरून पडले हे निर्विवाद आहे. तो हत्ती पुढे भंगला, १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी तो आजही उभा आहे. पण वादळाचा आणि या दगडी हत्तीचा संबंध लागत नाही. १५५४ चे तुफान अरबस्तानच्या किनाऱ्यावर उठले होते आणि १६१६ चे अजमेरला कोसळले होते. मुंबईच्या खाडीतील एका बेटाचे नाव या दोन्ही ठिकाणच्या वादळांना कोणी देणार नाही. नावे सारखी झाली, उगम वेगळे राहिले. हा फाटा इथेच बंद करू.

तिसरी साक्ष डच आहे. वाउटर स्काउटेन हा डच कंपनीचा शल्यवैद्य १६५९ मध्ये बंगालच्या उपसागरात होता. धाडसी खलाशीही घाबरून गेले असे वादळ त्याने पाहिले आणि दरवर्षी येणारे ते ‘एलिफंट’ हेच असावे असे सर्वांना वाटले, असे तो लिहितो. त्याने महिनेही दिले आहेत : सप्टेंबर आणि ऑक्टोबर. ‘दरवर्षी’ आणि ‘सप्टेंबर-ऑक्टोबर’ हे दोन तपशील पुढे उपयोगी पडतील.

आता चौथा साक्षीदार. या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा तोच. जॉन फ्रायर हा इंग्रज कंपनीचा वैद्य १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला. मराठी वाचकाला तो परका नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या काळात तो मुंबईत होता आणि पुढे तो जुन्नरलाही जाऊन आला. त्याचे पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य टोकाला वळसा घालताना त्याच्या जहाजाला वादळाने गाठले. फ्रायर म्हणतो की आमच्या तोंडावर हत्तीचे शेपूट आले. पुढे तो खुलासा करतो की हे एका नक्षत्राचे नाव आहे, पोर्तुगीज लोक त्याला ‘राबू देल एलेफांतू’ म्हणतात, आणि मोसम मोडताना ते ओळखू येते.

इथे वाचकाने थांबून तिन्ही तपशील वेगळे करावेत. पहिला, हे नाव पोर्तुगिजांचे आहे असे समकालीन माणूस सांगतो. दुसरा, ते मुळात वादळाचे नाव नाही, आकाशातील नक्षत्राचे आहे. तिसरा, हत्ती नुसता हत्ती नाही, त्याचे ‘शेपूट’ आहे. कोशकारांनी हस्त नक्षत्राकडे बोट दाखवले ते याच साक्षीच्या बळावर, असे मानायला हरकत नाही.

पण ही साक्ष ऐकीव आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ‘पोर्तुगीज असे म्हणतात’ हे एक इंग्रज सांगतो आहे. ‘राबू’ म्हणजे शेपूट, हा शब्द पोर्तुगीज भाषेत आहे आणि तिच्या सख्ख्या बहिणीत, गालिसियनमध्येही आहे. पण फ्रायरने दिलेल्या रूपातील ‘देल’ हा स्पॅनिश वळणाचा शब्द आहे, शुद्ध पोर्तुगीजमध्ये तिथे ‘दु’ हवे. कानाने ऐकलेले शब्द कागदावर उतरताना असे होते. त्याने संशय वाढत नाही, उलट फ्रायरने हे पुस्तकातून उचलले नाही, कोणा खलाशाच्या तोंडून ऐकले, अशी खात्री पटते.

आता आकाशाकडे वळू. सत्तावीस नक्षत्रांतील तेरावे ते हस्त. आकाशात त्याचे पाच तारे दिसतात, हाताच्या पाच बोटांसारखे. ‘हस्त’ म्हणजे हात. ‘हस्तिन्’ म्हणजे ज्याला हात आहे तो, कारण हत्तीची सोंड हा त्याचा हातच. शास्त्रकारांनी या नक्षत्राला हात म्हटले, लोकांनी त्याचा हत्ती केला. पश्चिम महाराष्ट्रात सूर्य हस्तात गेला की हादगा सुरू होतो. पाटावर हत्ती काढला जातो आणि त्याच्याभोवती मुली फेर धरतात. वऱ्हाडात त्या दिवसांत भुलाबाई बसते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. तिथे पाटावर हत्ती नसतो, तो पावसाच्या बोलीत असतो.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. ‘हस्त लागला’ याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला. ज्या नक्षत्रात सूर्य असतो ते रात्री दिसत नाही, सूर्याबरोबरच उगवते आणि मावळते. म्हणजे हत्तीचे शेपूट पाहून खलाशाने वादळ ओळखले, असे घडणे शक्य नव्हते. फ्रायरने ‘नक्षत्र’ म्हटले तरी ती आकाशातील खूण नव्हती, दिनदर्शिकेतील नोंद होती. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट कोणीही स्वतंत्रपणे शोधू शकतो. दिनदर्शिका मात्र ज्यांची असते त्यांच्याकडूनच शिकावी लागते. पोर्तुगिजांच्या पंचांगात सूर्यनक्षत्रे नव्हती, आपल्या पंचांगात होती. हे नाव त्यांनी हिंदी माणसाकडून घेतले, याचा या प्रकरणातील सर्वांत बळकट पुरावा मला हाच वाटतो.

उधारी एकतर्फी नव्हती. ‘मोसम’ हा शब्द अरबी. ‘वसम’ म्हणजे खूण करणे, त्यावरून ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, मग तो हजचा असो, जत्रेचा असो की जहाज हाकारण्याचा. अरब नाखव्यांकडून पोर्तुगिजांनी तो घेतला आणि त्याचे ‘मोउसांव’, पुढे ‘मोंसांव’ केले. डच आणि इंग्रजांमार्फत तो ‘मान्सून’ होऊन आपल्याकडे आला. आपला ‘मोसम’ मात्र फारसीच्या वाटेने आधीच आला होता. एकाच अरबी शब्दाची ही दोन रूपे आज एकाच मराठी वर्तमानपत्रात शेजारी छापली जातात. पोर्तुगिजांच्या लेखी ‘मोंसांव’ म्हणजे पाऊस नव्हे, जहाजांचा हंगाम. पावसाळ्याला ते ‘इन्व्हेर्नु’, म्हणजे हिवाळा, म्हणत. लिस्बन आणि गोवा यांच्यात हंगामाच्या जहाजांनी जी पत्रे जात-येत, त्यांच्या बांधलेल्या ग्रंथांना म्हणूनच ‘मोसमांचे ग्रंथ’ असे नाव पडले. गोव्याहून जानेवारीत निघालेल्या पत्राचे उत्तर लिस्बनहून पुढच्या मार्च-एप्रिलला निघे आणि सप्टेंबरच्या सुमारास गोव्यात पोचे, म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत सुमारे वीस महिने. एका मोसमाला एक पत्र, हे त्या कारभाराचे माप होते. अशा कारभारात पावसाळा कधी मोडतो हे नेमके सांगणारा शब्द किती मोलाचा असेल, हे वेगळे सांगायला नको.

आता कोशकारांच्या साक्षीदारांची उलटतपासणी करू. नाव हस्ताचे असेल, तर वादळांच्या तारखा हस्तात पडायला हव्यात. हे गणित कोणालाही करता येते. आज सूर्य २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्तात जातो. नक्षत्रप्रवेशाची तारीख साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ती पाच-सहा दिवस अलीकडे होती. शिवाय त्या काळी इंग्रज जुने, जूलियन पंचांग वापरत. सतराव्या शतकात ते दहा दिवस मागे होते.

रोची तारीख घेऊ. १६१६ मध्ये सूर्य हस्तात गेला तो नव्या गणनेने २१ सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे रोच्या पंचांगात ११ सप्टेंबरच्या आसपास. त्याचे वादळ २० ऑगस्टचे आहे. फरक तीन आठवड्यांचा. त्या दिवशी सूर्य पूर्वा नक्षत्रात होता, हस्त लागायला उत्तरा जायची होती. एक-दोन दिवसांची चूक धरली तरी हा फरक भरून निघत नाही.

आणखी एक नोंद ९ ऑक्टोबर १७५६ ची आहे. त्यात चार तासांत कोसळून गेलेल्या, विजांसह आलेल्या जोरदार वादळाला स्थानिक लोक ‘एलिफंटा’ म्हणतात, असे आहे. तोवर इंग्रजांनी नवे पंचांग स्वीकारले होते. त्या वर्षी हस्त २३ सप्टेंबरच्या सुमारास लागून ऑक्टोबरच्या ६-७ तारखेला संपला. ९ ऑक्टोबर हा चित्रेचा दुसरा-तिसरा दिवस. म्हणजे शेपटाच्या अगदी टोकाला, किंवा टोक नुकतेच निसटल्यावर.

स्काउटेनने दिवस दिला नाही, पण १६५९ चा हस्त नव्या गणनेने सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होता. त्याचे ‘सप्टेंबर आणि ऑक्टोबर’ याच्याशी नेमके जुळते. सीदी अलीचे तुफान ऑगस्टअखेरच्या लढाईनंतरचे, म्हणजे बहुधा सप्टेंबरातले. १५५४ चा हस्त जूलियन गणनेने १० सप्टेंबरच्या सुमारास लागला. तेव्हा तेही जुळणे शक्य आहे, पण दिवस हाती नसल्याने ते ‘शक्य’च्या पुढे नेता येत नाही.

म्हणजे हिशेब असा : एक साक्ष नीट जुळते, एक जुळू शकते, एक उंबरठ्यावर आहे आणि एक स्पष्टपणे बाहेर पडते. रोच्या साक्षीमुळे कोशकारांचा तर्क मोडतो का? मला तसे वाटत नाही. रोने स्वतःच सांगितले आहे की हे नाव पावसाळा सरतानाच्या वादळाचे आहे. १६१६ पर्यंत शब्द नक्षत्राच्या चौकटीतून बाहेर पडला होता आणि परतीच्या कोणत्याही जबर वादळाला तो लागू लागला होता, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या साक्षी हेच दाखवतात. जॉन ओव्हिंग्टन १६९० मध्ये मुंबई-सुरतेत होता. तो म्हणतो की मोसम येताना आणि जाताना, दोन्ही वेळा, जे खवळलेले हवामान असते त्याला हिंदुस्थानात ‘एलिफंट’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या मध्याला मुंबईत असलेला जॉन हेन्री ग्रोस तर पावसाळ्याच्या सुरुवातीच्या गडगडाटी वादळालाच ‘एलिफंटा’ म्हणतो. सुमारे दोनशे वर्षांत हत्ती सप्टेंबरातून निघून जूनमध्ये पोचला. ज्यांच्याकडे हस्त नक्षत्राची दिनदर्शिका होती त्यांच्या तोंडी हा शब्द स्थिर राहिला. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांच्या तोंडी तो सुटून गेला. उसना शब्द मूळ खुंट्यापासून सुटला की असे होतेच.

तो खुंटा वऱ्हाडात किती घट्ट होता, याचा कागदोपत्री पुरावा सरकारी दप्तरात आहे. निजामशाही आणि आदिलशाहीच्या मराठी कागदांत तारखा शुहूर सनात असतात. हा सन सौर आहे आणि त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जातो त्या दिवशी सुरू होते. म्हणून त्याला ‘मृगसाल’ असेही म्हणत. सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या काळात निजामशाही दप्तराची हीच कालगणना होती. समजा, एखाद्या कागदावर ‘सन इहिदे अशरीन अलफ’ असे आहे. इहिदे म्हणजे एक, अशरीन म्हणजे वीस, अलफ म्हणजे हजार. एकूण १०२१. त्यात ५९९ मिळवले की जूलियन गणनेने १६२० चा मे महिना मिळतो आणि तिथून पुढचे पावसाळी वर्ष सुरू होते. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवावे लागतात. आकडे अरबी, सत्ता दख्खनी सुलतानांची, वर्षारंभ मात्र मृगाचा. हिजरी वर्ष चांद्र असल्याने दरसाल अकरा दिवस सरकते, पीक काही सरकत नाही. महसूल पिकावर, पीक पावसावर आणि पाऊस नक्षत्रावर, म्हणून सुलतानांच्या कारकुनांनाही नक्षत्र धरावे लागले. अरब नाखव्यांनाही हीच अडचण होती, आणि त्यांनी जहाज हाकारण्याचे दिवस हिजरी महिन्यांनी न मोजता नवरोजपासूनच्या सौर दिवसांनी मोजले. समुद्रावर नवरोज, दख्खनच्या जमिनीवर मृग.

त्याच नक्षत्रमालेत मृगाच्या दुसऱ्या टोकाला हस्त येते. मृगाने पेरणी उघडते, हस्ताने रब्बीची ओल ठरते. आजच्या बुलढाणा जिल्ह्यात ही सांगड दुधारी झाली आहे. हत्ती बरसला तर हरभऱ्याच्या पेरणीला जमीन तयार होते, आणि त्याच पावसात काढणीला आलेले सोयाबीन शेतात भिजते, उमललेली कापसाची बोंडे काळवंडतात. हवामान खाते याला ‘परतीचा पाऊस’ म्हणते. २०२० पासून लागू केलेल्या तारखांनुसार देशाच्या वायव्येतून माघार १७ सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते आणि ऑक्टोबरच्या मध्याला पूर्ण होते. हस्ताचे दिवस बरोबर या दोन तारखांच्या आत येतात. वारे दिशा बदलतात, जमीन दुपारी तापते, हवेत ओल उरलेली असते. मग संध्याकाळी गडगडाट होऊन थोड्या वेळात पुष्कळ पाऊस पडून जातो. १७५६ च्या त्या चार तासांच्या नोंदीशी हे वर्णन ताडून पाहण्यासारखे आहे.

जिल्ह्यात पाऊसमान वर्तवण्याची आणखी एक जुनी रीत आहे, ती भेंडवळची घटमांडणी. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडला जातो. मध्ये खड्डा, त्यात मातीची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, पुरी असे पदार्थ, आणि भोवती अठरा धान्यांचे दाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळांची ओल आणि धान्याची हालचाल पाहून भाकीत सांगितले जाते. परंपरा ही रीत तीनशेहून अधिक वर्षांची मानते. त्या भाकिताला हवामानशास्त्राचा आधार नाही. आपल्या प्रश्नापुरते पाहायचे ते एवढेच की इथे पावसाळ्याचे भाग नक्षत्रांनी पाडलेले नाहीत. चार ढेकळे म्हणजे चार महिने. तेव्हा या रीतीला हस्ताच्या बाजूने साक्षीला उभे करता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यातील म्हणून एखादा पुरावा आपल्या बाजूचा होत नाही.

राहता राहिले शेपूट. फ्रायरच्या ‘राबू’चे काय करायचे? ते पोर्तुगिजांनी स्वतः जोडले की तेही इथूनच उचलले? याला उत्तर देणारा धागा उत्तरेत आहे. अवधी-भोजपुरी मुलखात घाघ या लोककवीच्या नावावर चालणाऱ्या शेतीच्या उक्तींत हथियाने शेपूट हलवले, म्हणजे हस्ताच्या शेवटच्या भागात पाऊस झाला, तर गहू घरबसल्या येतो, असा आशय आहे. म्हणजे हत्ती केवळ नक्षत्राचे नाव नाही. लोकांनी त्याचे अवयव कल्पिले होते आणि शेवटच्या चरणाला शेपूट मानले होते. फ्रायरने सांगितलेले ‘मोसम मोडताना ओळखू येणारे हत्तीचे शेपूट’ आणि हे ‘शेपूट हलवणारा हथिया’ यांचे साम्य योगायोगाचे वाटत नाही. तरीही या उक्ती तोंडी परंपरेतील आहेत आणि लिहून घेतल्या गेल्या त्या फ्रायरच्या पुष्कळ नंतर. म्हणून हा दुवा ‘संभाव्य’ या वर्गात ठेवावा, ‘सिद्ध’ या वर्गात नाही.

एक प्रतिपक्षही ऐकून घेतला पाहिजे. वादळ प्रचंड, हत्ती प्रचंड, म्हणून नाव पडले, नक्षत्राची गरजच काय? हा तर्क सोपा आहे, पण तो दोन गोष्टींचा खुलासा करत नाही. जुन्या साक्षीदारांपैकी रो, स्काउटेन आणि फ्रायर यांनी हे नाव वर्षातील ठरावीक वेळेच्या वादळाला दिले आहे, कोणत्याही मोठ्या वादळाला नाही. आणि फ्रायरने नक्षत्राचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. नुसत्या आकारावरून नाव पडले असते, तर त्याला वेळ चिकटली नसती.

तेव्हा निर्णय असा. निश्चित : १५५४ पासून हिंदी महासागरात हत्तीच्या नावाचे वादळ माहीत होते, सतराव्या शतकात ते पावसाळ्याच्या परतीशी जोडलेले होते, आणि घारापुरीशी त्याचा संबंध नाही. जवळजवळ निश्चित : नावाच्या मुळाशी हस्त नक्षत्र आहे. संभाव्य : ‘शेपूट’ही शेतकऱ्यांच्याच बोलीतून आले. कोशकारांच्या विधानात दुरुस्ती हवी ती एकच. पोर्तुगीज हे या नावाचे जनक नव्हेत, वाहक होत. नाव शेतातून निघाले आणि समुद्रावर गेले.

या निर्णयातील दोन जागा भक्कम करणे अजून बाकी आहे, आणि ते काम वाचकांच्या हातचे आहे. पोर्तुगीज साक्ष इथे फ्रायरच्या मध्यस्थीने येते. ती थेट पणजीच्या पुराभिलेखागारातील ‘मोसमांच्या ग्रंथां’त मिळू शकेल. या दप्तराचा पाया १५९५ मध्ये दियोगु दु कोउतु याने घातला आणि डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातून मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी पाने उजेडात आणली. पोर्तुगीज वाचू शकणाऱ्या मराठी अभ्यासकांनी त्या ग्रंथांत ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या वादळांची वर्णने काढून पाहावीत. दुसरी जागा आपल्या घरातली आहे. चिखली, मेहकर, मोताळा, संग्रामपूर, जिथे कुठे हत्तीच्या पावसाबद्दल बोलणारी वडीलधारी माणसे असतील, तिथे त्यांना एवढेच विचारावे : हस्ताच्या शेवटच्या पावसाला तुमच्या लहानपणी काय म्हणत? ‘शेपूट’ हा शब्द आपण सुचवू नये, त्यांनाच बोलू द्यावे. उत्तर मिळाले तर गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचे वय यांसह लिहून ठेवावे. वऱ्हाडातील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून तो शब्द आपणहून आला, तर फ्रायरच्या वाक्याला साडेतीनशे वर्षांनी दुसरा साक्षीदार मिळेल.